हलली म्हणजे हलली

सागरगोट्यांत आपल्याला हरवणारी मुलगी अख्ख्या ठाण्यात नाही, असं सरोज स्वतःच सांगायची, आणि नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. मासळी घेऊन येणारी सगुणा तिला कोलशेतच्या खाडीकाठच्या झुडपांतून सागरगोटे आणून द्यायची. एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली एवढी थोरली घोडी, पण दुपार झाली की ओटीवर फतकल मारून बसायची. समोर आठ-दहा वर्षांच्या चिमण्या. त्यांनाही दयामाया नाही. उचलताना शेजारच्या सागरगोट्याला बोट लागलं, की "हलला, डाव गेला" म्हणून ही मोकळी. चिमण्या रडत घरी जायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या.

त्रेपन्न साली कल्याणचं एक स्थळ सांगून आलं. "आज तोंड मिटून बसायचं. विचारलं तरच बोलायचं," आईने, म्हणजे मंदाकिनीबाईंनी, बजावलं. सरोजने मान डोलावली. पुढे मुलगा, आनंद, आईबरोबर घरात आला, तेव्हा तर ती खरोखरच मुकी झाली. तिला तो फार आवडला. हे जमावं असं तिला अगदी मनापासून वाटू लागलं.

पोहे झाले. सरोज पानसुपारीचं तबक घेऊन आली. नजर आनंदकडे होती, तबक कललं आणि अख्ख्या सुपाऱ्या घरंगळल्या. दुसरी एखादी लाजून चूर झाली असती. हिने हात उलटा केला आणि तीन सुपाऱ्या पंजाच्या पाठीवर झेलल्या. मंदाकिनीबाईंनी डोळे मिटून घेतले.

आनंदची आई खुर्चीवरून उठली आणि नऊवारी सावरत जमिनीवर बसली. तिने सगळ्या सुपाऱ्या गोळा करून पुढ्यात टाकल्या. एक वर उडवली, खालच्या दोन उचलल्या, वरची अलगद झेलली. हात असा चालत होता की सरोज बघतच राहिली. तिसऱ्या खेपेला मात्र करंगळी शेजारच्या सुपारीला लागली.

"हलली," सरोज म्हणाली.

आनंद आढ्याकडे बघू लागला. आपलं लग्न आपणच मोडलं, या विचाराने सरोजच्या डोळ्यांत पाणी आलं.

आनंदच्या आईने सुपारी नीट निरखली. "हलली खरी," ती म्हणाली. "लग्न होऊन कल्याणला आले, तेव्हापासून कुणी खेळायलाच मिळालं नाही गं. घरात सगळे मुलगे. त्यांना हललेलं दिसतसुद्धा नाही."

मग तिने सुपाऱ्या सरोजपुढे सारल्या. "घे. तुझा डाव."