चार्जरजवळची मावशी

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते पोतं बांधायचं. चार्जरच्या मावळतीच्या अंगाला मी दोन बांबू रोवले होते. त्यांना शिवलेली पोती ताणून बांधली की दुपारचं ऊन मशीनवर पडणार नव्हतं. मी स्टुलावर चढलेलो, ती खाली स्टूल धरून उभी.

"उजव्या अंगानं वढा. अजून वढा. आवं, उजवा हात कंचा त्ये बी इसरलात का काय?"

पोतं ताणलं, सावली पडली. ती म्हणाली, "आता बघा, झक मारत वीज देतंय." आन् पदरानं तोंड पुसून ताक घुसळायला गेली. असल्या कामाकडं शेवटचं म्हणून कोण बघतं?

वडवणीच्या अलीकडं रस्त्याला लागून आमचं रान हाय. शेजारच्या हॉटेलवाल्यानं मोकळ्या जागेत बॅटरीच्या गाड्यांसाठी चार्जर बसवला. तवापासून ही रस्त्याकडेच्या छपरात ताक विकायची. गाडीवाले तिला मावशी म्हणत, मी मालकीन म्हणायचो. म्हैस एकच, चंद्री. ती हिच्याशिवाय कुणाला धारेला बसू द्यायची नाही. मी बसलो की पान्हा चोरायची, सगळं दूध वर ओढून घ्यायची आन् माझ्याकडं अशी बघायची की मीच चोर.

त्यामुळं मशीनचं दुखणं हिला लगेच कळलं. उन्हाळ्यात गाडीला लावायची ती गन तापायची. तापली की मशीन आपोआप वीज कमी करायचं. अर्ध्या तासाचं काम दीड तासावर जायचं. गाडीवाले चिडायचे, पडद्यावर बोटं आपटायचे, फोन लावून कुणाला तरी शिव्या द्यायचे. ही ताकाचा गिलास घेऊन जायची. "पान्हा चोरतंय त्ये. वरडू नगा, अजून चोरील." शिकलेली माणसं हसायची. पण बसायची.

एकदा तिनं काय करावं? माठाला गुंडाळतात तसं ओलं फडकं गनला गुंडाळलं. वीज वाढली. ही लई खूश. आठवडाभर येईल त्या गाडीला फडकं. मग दुरुस्तीवाला साहेब आला आन् त्यानं ते बघितलं. चांगला तापला.

"मावशी, हे करू नका. ओल्या फडक्यानं मशीन फसतं. त्याला वाटतं सगळं गार आहे, म्हणून ते जास्त वीज सोडतं. आत पिना जळत राहतात. कुणाची तरी गाडी पेटेल."

तिचं तोंड उतरलं. फडकं काढलं, पिळलं. मग माझ्याकडं हात करून म्हणाली, "साहेब, आमच्या ह्यांचं उलटं हाय. वरून नुस्ते तापल्याले, आत काईच न्हाई." हसता हसता साहेबाला ताकाचा ठसका लागला. पिना मात्र खरंच काळ्या पडल्या होत्या, त्या त्यानं बदलल्या. मशीनला सावली करा म्हणाला, ते चालतं. पोत्याचं खूळ तिथून आलं.

तिचा हिसका एका पोरानं बघितला. भाड्याची गाडी चालवायचा. बायको अंबाजोगाईला दवाखान्यात अडलेली, हा इथं अडकलेला, आन् मशीन थेंब थेंब देतंय. त्यानं मशीनला लाथ घातली.

"कावून रे बाबा, लाथा कुनाला?"

"मावशी, बायको बाळंत व्हायली तिकडं!"

"मंग? तू गेल्यावर तू होनार हाईस का बाळंत?" पोरगं बघतच राहिलं. "बस हितं. हात बघ कसे थरथरायलेत. आसा चालवशील तर लेकराला बाप दिसायचा न्हाई." गाडी भरेस्तोवर ती त्याच्याजवळ बसून राहिली, त्याला बोलत ठेवलं. मुलगी झाली. पुढच्या खेपेला येऊन सांगून गेला.

पोतं बांधलं त्या दिवशी ताक घुसळता घुसळता ती म्हणाली, "जीव घाबऱ्यावानी करतोय." बाजेवर पडली. मी जीप बोलवली. जीप यायच्या आत गेली. शेवटचं बोलणं काही झालं नाही. पाणी मागितलं, ते बी पिली नाही. पोरगा-सून आले, तळवाड्याहून पोरगी आली, मग माती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्री हंबरडा फोडत होती. काल सांजची धार निघाली नव्हती. कास दगडासारखी. पोरगी बसली, तिला लाथ मारली. सून बसली, तिलाबी. दूध काढलं नाही तर कास सुजते, म्हैस वाया जाते. वळणीवर हिचं लुगडं होतं. कालचंच, अंगावरचं उतरवलेलं, घामाचा आन् ताकाचा वास असलेलं. मी ते धोतरावरून गुंडाळलं. पदर डोक्यावरून घेतला. पोरगी माझ्याकडं बघून तोंड दाबून आत पळाली.

मी बसलो. चंद्रीनं मान वळवली, लुगडं हुंगलं, लांब श्वास सोडला. पान्हा आला.

मागं रस्त्यावर गाडी थांबली. "ए मावशे! लगीन केलं बघ! तुज्या पाया पडायला आनलीय हिला."

कुणीतरी नेहमीचा गाडीवाला. माझी पाठ होती, त्याला लुगडं दिसत होतं. मी वळलो नाही. वळलो असतो तर मावशी तिथंच मेली असती त्याच्यासाठी. माझ्यासाठी तर मेलीच होती. म्हटलं, याच्यापुरती राहू दे घटकाभर.

"बोलत न्हाईस व्हय? रागावलीस? लग्नाला बोलावलं न्हाई म्हनून?"

चरवी भरली. कास मोकळी झाली तरी मी थान पिळत राहिलो. चुड्याचा आवाज जवळ आला. नवी नवरी वाकली आन् तिनं माझ्या पायाला हात लावला. घरात सुतक. पाया पडून घ्यायचं नसतं, आशीर्वाद द्यायचा नसतो. पण वाकलेल्या पोरीला तसंच ठेवायचं का?

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गडीमाणसाचा हात बघून गाडीवाल्याला काय ते उमगलं. त्यानं चपला काढल्या आन् जागीच उभा राहिला. नवरीला काही कळलं नव्हतं, ती अजून वाकलेली होती. मी हात काढला नाही.