केरबानं काढलेले बरगे

दादासोंच्या तोंडून ‘माझं चुकलं’ असं कुणी ऐकलं असेल, तर त्या माणसाला मला भेटायचंय. तीस वर्षं ते नदीवरच्या बंधाऱ्यावर बरगे घालायच्या आणि काढायच्या कामावर होते. आमच्याकडच्या बंधाऱ्यांना दरवाजे नसतात. खांबांच्या खाचांत लोखंडी फळ्या बसवतात, तेच बरगे. पावसाळा सरला की घालायचे, पुढचा पाऊस यायच्या आत काढायचे. उशीर झाला की पाणी थेट गावात. निवृत्तीनंतर दादासो कोल्हापुरात लेकाकडे आले आणि रोज सकाळी आमच्या वाचनालयात बसू लागले. मी तिथली ग्रंथपाल.

एके दिवशी मोबाईल माझ्या नाकासमोर धरून ते गरजले, “स्नेहलताई, आमच्या कुसरवाडीवर लेख हाय, आन् माझ्या बाचं नाव न्हाय!”

कुणीही लिहावा, कुणीही सुधारावा, अशा ऑनलाइन ज्ञानकोशातला तो लेख. १९७४ साली मे महिन्यातच पाऊस कोसळला, बरगे काढल्यामुळे गाव वाचलं, एवढंच त्यात होतं. कुणी काढले, याचा पत्ता नाही. दादासोंनी तिथंच घातलं : ‘केरबाने एकट्याने काढले.’ त्यांची आई सोनूबाई जन्मभर हेच सांगत आली होती. दुपारपर्यंत वाक्य गायब. पुन्हा घातलं, पुन्हा गायब. वाक्य काढणारा गारगोटीचा विश्वजित नावाचा तरुण मास्तर. कारण एकच, संदर्भ नाही.

“आता ह्याच्या घरलाच जातो,” दादासो म्हणाले.

“घरी नको, चर्चापानावर जा,” मी म्हटलं. प्रत्येक लेखामागं असं एक पान असतं. भांडायचं ते तिथं, लेखात नाही. गावची चावडीच म्हणा ना.

दादासोंनी चावडी दणाणून सोडली. ‘मी तीस वर्षं बरगे वडलेत. तुमी किती वडलेत, पावणं?’

विश्वजितनं शांतपणे लिहिलं, ‘एकही नाही. तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण वाचणाऱ्याला पडताळून बघता आलं पाहिजे. छापील काही मिळालं, तर नाव मी स्वतः घालतो.’

दादासो दोन दिवस गाल फुगवून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “पोरगं मुद्द्याचं बोलतंय. जुनी वर्तमानपत्रं काढा.”

आठवडाभर आम्ही दोघांनी फायलींची धूळ खाल्ली. शुक्रवारी बातमी सापडली, चारच ओळींची. दादासोंनी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. ‘केरबा, बाळू, मारुती व हसन या चौघांनी धो धो पावसात बरगे काढले.’

त्यांचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं. ती फाईल आमच्याखेरीज कुणी उघडणार नव्हतं. “‘केरबा व इतर’ असं लिहिलं तरी खोटं ठरत नाही,” मी हळूच सुचवलं. आता सांगायला लाज वाटते, पण सुचवलं.

दादासोंनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग एका बोटानं बराच वेळ टाइप करत राहिले. मी डोकावून वाचलं.

‘माझं चुकलं. नावं चार हाईत. बातमीची तारीख आन् पान खाली दिलंय. बरगा एकट्यानं निघतच न्हाय, आकडा अडकवून चौघांनी वडावं लागतंय. तीस वर्षं मी हेच काम केलं, पर बाची गोष्ट आली की इसरलो.’

तासाभरात विश्वजितनं चारही नावं लेखात घातली आणि चर्चापानावर विचारलं, ‘बातमीत केरबांचं नाव पहिलं आहे. तोच क्रम ठेवू ना?’

दादासोंनी डोळे पुसले, ताठ बसले आणि अख्ख्या वाचनालयाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणत टाइप केलं, “ठेवा की! संदर्भ हाय!”