ईशान्येची खिडकी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलींपाशी नाही. दोनदा ओठांवर आलं, दोनदा गिळलं. आज बोलते — मध्ये थांबवू नका, नाहीतर राहून जाईल.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. अंधेरी पूर्वेला एका गाळ्यात आम्ही सहा जणी रेडिओच्या कॉइल गुंडाळायचो. केसाहून बारीक तांब्याची तार. एक वेढा चुकला की कॉइल फुकट. गाळ्याला खिडकी एकच, ईशान्येच्या कोपऱ्यात. तिच्यापाशी फिलोमिना बसायची — जवळच्याच गावठाणातली, आमच्यात सगळ्यात चांगला हात तिचा, म्हणून उजेडाची जागाही तिची. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीवर. हे मला नीट ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं म्हणायची सोयच नाही.

भांडण होतं का आमचं? छे हो! माझ्या डब्यातली भाजी ती हक्काने मागून खायची. पण शेठ येता-जाता तिची कॉइल उचलून आम्हाला दाखवायचे — "ऐसा काम मंगता!" — आणि माझ्या पोटात दुखायचं. आम्हा बायकांवर एक मुकादमीण नेमायचं चाललं होतं. ती कोण होणार, हे काय सांगायला हवं?

अशात लागोपाठ दोन ऑर्डरी परत आल्या. शेठ हादरले. गाळ्याच्या दिशेतच काही खोट आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. माझे बाबा भिक्षुकी करायचे, वास्तुशांतीला पार बोरिवलीपर्यंत जायचे. शेठनी कागदावर गाळा काढून दिला — दार कुठे, टेबलं कुठे, भट्टी कुठे — आणि म्हणाले, सुमन, बाबांना विचारून ये, कोणी कुठे बसायचं ते.

तुम्हाला वाटेल, मी विचारलंच नाही. नाही — विचारलं. बाबांनी चष्मा लावून कागद पाहिला, खिडकीवर बोट ठेवलं. म्हणाले, "बारीक काम करणारी इथेच बसू दे. तोंड उजेडाकडे आहे, उत्तम आहे. काही हलवू नका."

आणि दुसऱ्या दिवशी मी शेठना काय सांगितलं? की ईशान्य देवाची, तिथे माणूस नको, देव मांडा. तिथे बसणारीला नैऋत्येला न्या. नैऋत्येला काय होतं? कॉइलवरचं वार्निश सुकवायची भट्टी आणि डोक्यावर एक पिवळा बल्ब. बाबांच्या नावावर सांगितलं. आवाज जरासुद्धा कापला नाही माझा.

खिडकी मला मिळाली का? कशी मिळणार — तिथे तसबीर आली, हार आला. मला खिडकी नकोच होती. तिला नसावी, एवढंच हवं होतं. शी! बोलतानाही लाज वाटते.

महिनाभरात फिलोमिनाची तार तुटायला लागली. भट्टीच्या वाफेने डोळ्यांना धार, वेढे दिसेनात. शेठ सगळ्यांसमोर तिला बोलायचे. मी रोज ठरवायचे — आज सांगते, जेवणाच्या सुट्टीत सांगते. सुट्टी संपायची आणि मी डबा बंद करून परत तारेला लागायचे.

एकदा नळावर तिने माझं मनगट धरलं. "सुमन, मना तार दिसत नाय गो. बाबांना विचार ना, माझ्यासाठी काय उपाय असंल तर. तुमच्या देवाचा असला तरी मी करीन." जिच्या गळ्यात क्रूस, ती बाई हे म्हणत होती! उपाय काय होता? एक वाक्य. माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हटलं, "विचारते हं." हात धुतले आणि जागेवर जाऊन बसले.

पुढच्या पंधरवड्यात तिला काढून टाकलं. मुकादमीण मी झाले.

निघताना ती सरळ माझ्याकडे आली. मेले, मला वाटलं, हिला कळलं. तर मला जवळ घेऊन म्हणाली, "बाबांना सांग, त्यांनी बसवली तिथं मी बसली. माझंच नशीब खोटं. त्यांच्यावर राग नाय माझा."

सांगते, म्हटलं मी. बाबा त्यानंतर बरीच वर्षं होते. फिलोमिनाचं घर गाळ्यापासून चालत दहा मिनिटांवर होतं. मी दोघांपैकी कुणालाही काही सांगितलं नाही.