माझ्या आजीचं क्रियापद

वर्गासमोर उभी राहून रेवती कोरियन भाषेत माझ्या आजीची गोष्ट सांगत होती. स्वतःच्या घरची म्हणून.

तिच्या आजोळी म्हणे एक बाई गोठा साफ करायला यायची. घरातला सात वर्षांचा मुलगा तिला एकेरीत 'ए गये' म्हणायचा. ती त्याला 'मालक' म्हणायची. आणि बाई हसायची, असं रेवती म्हणाली. तिला काही वाटायचं नाही. घरच्यासारखीच होती.

मग तिने माझ्याकडे हात केला. म्हणाली, त्या समाजातली माणसं आज आमच्याबरोबर शिकतात. ही बघा. कोट्यातून पुढे आली. 'कोटा' तिला कोरियनमध्ये येत नव्हता. तो तिने इंग्रजीतच म्हटला, म्हणून सगळ्यांना नीट कळला.

वर्गात आम्ही नऊ जण. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या मनाने वाजवल्या. शेजारचा मुलगा माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवत होता. माझे कान तापले. मी वहीकडे बघत राहिले.

२००५ साल. पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज. मी नागपूरची, रेवती पुण्याची. दोघी एमएसला, एका अपार्टमेंटमध्ये. तांदूळ एकत्र आणायचो, कॅम्पसच्या बसने एकत्र जायचो. कोरियन मी निवडलं, तिने माझ्यामागून घेतलं. पहिल्या सत्रात वर्ग भरलेला होता. दुसऱ्या वर्षापर्यंत गळत गळत नऊ उरले. मी टिकले, कारण मला ती भाषा जवळची वाटली. क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखं. आणि दुसरं कारण मी तेव्हा स्वतःशीही बोलत नव्हते. मराठी मंडळात गेलं की दुसऱ्या मिनिटाला आडनाव विचारायचे, तिसऱ्या मिनिटाला गाव. कोरियनच्या वर्गात माझं आडनाव कुणाला काही सांगत नव्हतं. मी तिथे लपायला गेले होते.

रेवतीला मात्र मी सगळं सांगितलं होतं. एकटीलाच. एका रविवारी पोळ्या करता करता. आम्ही बौद्ध, आजी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, गोठ्यात राबलेली, इंजिनिअरिंगला मी राखीव जागेवर गेले. आजीची गोष्टही सांगितली. ती मला आजीने एकदाच सांगितली होती, नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलच्या रांगेत. एक तरुण डॉक्टर तिला 'बसा आजी' म्हणाला होता आणि ती बसून रडायला लागली. मी घाबरले, विचारलं काय झालं. तेव्हा तिने गोठ्यातलं, त्या एकेरी हाक मारणाऱ्या पोराचं सांगितलं. मी हे सांगितलं तेव्हा रेवती रडली होती. पिठाच्या हातांनी तिने माझे हात धरले होते. म्हणाली होती, "हे माझ्याजवळ राहील."

त्या महिन्यात आम्ही दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगायचे प्रत्यय शिकत होतो. ऐकलेली गोष्ट सांगा, एवढंच काम होतं. रेवतीचा मसुदा मीच तपासला होता. त्यात तिच्या आजोबांच्या आंब्याच्या झाडाची गोष्ट होती. वर्गात मात्र तिने दुसरीच काढली.

आणि मला व्याकरणसुद्धा ऐकू येत होतं, हेच वाईट. कोरियनमध्ये मोठ्या माणसाबद्दल बोलताना क्रियापदात 'शि' घालतात. आदराचा 'शि'. रेवती त्या गोष्टीतल्या तिच्या आजोबांना 'शि' लावत होती. माझ्या आजीला नाही. आजी यायची, हसायची, जायची. सगळं साधं.

शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय?

मी हात वर केला. उभी राहिले. मी कोरियनमध्येच बोलले. दोन प्रत्यय चुकले, तरी थांबले नाही.

"त्या माझ्या आजी होत्या," मी म्हणाले. "त्या हसत नव्हत्या."

प्रत्येक क्रियापदाला 'शि' लावला. यायच्या. उचलायच्या. रडल्या. भरल्या वर्गासमोर माझ्या आजीबद्दल कुणी असं आदराने बोलत होतं, हे पहिल्यांदा घडत होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रेवती कागदाच्या घड्या करत बसली.

तास संपल्यावर बाईंनी मला थांबवलं. चांगल्या होत्या त्या. खालच्या आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, आमच्या कोरियातही पूर्वी असे लोक होते, खाटकाचं काम करणारे. आता कुणीच बोलत नाही, कोण कुठला ते कुणाला कळत नाही. तूही बोलली नाहीस तरी चालेल.

मला त्यांचं बोलणं रेवतीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. कारण हे तर मीच करत आले होते. चार सत्रं.

संध्याकाळी घरी रेवती चहा करत होती. दोन कप काढले होते. मी विचारलं, माझी आजी तुझ्या आजोळी कशी गेली?

"अगं, इफेक्ट यायला हवा ना," ती म्हणाली. "आणि मी तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. एवढं काय पर्सनली घेतेस यार?"

तुमच्याबद्दल. दोन वर्षं एका ताटात जेवलो आणि मी 'तुमच्या'तच होते.

"आजी हसायची, हे कुठून आणलंस?"

ती चहा गाळायला लागली. मला कळलं, ते तिला हवं होतं. रडणारी बाई तिच्या घरात बसत नव्हती.

मी चहा घेतला नाही. महिनाअखेर खोली सोडली. मंडळात माझी जात आता सगळ्यांना ठाऊक झाली होती. तीही तिच्याकडूनच. काही काकू फोन करायच्या बंद झाल्या. मी कोरियन सोडलं नाही. रेवतीने सोडलं. पुढच्या सत्रात मी वरच्या वर्गात नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी ओळख करून देताना कुठून आले, कोणाची आहे, कुठल्या जागेवर शिकले, सगळं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

रेवतीने नंतर दोनदा मेल केला. सॉरी लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही, देणारही नाही. तिला माफ करून मोठी होण्याची मला हौस नाही. माझ्या घरचं दुःख कुणाच्या हवाली करायचं नाही. सांगायचं असेल तिथे मी सांगेन, माझ्या तोंडाने, माझ्या नावाने. आणि तेही गोड करून सांगणार नाही.