मामांनी काढलेली मामी

माझे मामा माणसाकडे असे रोखून बघत, की समोरचा बोलता बोलता गप्प होई. जुन्नरच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवत. एखाद्याचं चित्र मनास आलं नाही, की ओल्या अंगठ्याने ते फासून टाकत आणि पुढच्या बाकाकडे सरकत. मागे कोण रडतंय, हे वळून पाहत नसत.

त्यांचं दैवत एकच, एकोणिसाव्या शतकात जन्मलेला एक स्विस चित्रकार. त्याचे आईबाप, भावंडं क्षयाने गेली. पोटासाठी त्याने प्रवाशांना विकायची डोंगरदऱ्यांची चित्रं काढली. पुढे जिच्यावर जीव होता ती कॅन्सरने मरत असताना उशाशी बसून तो तिला रंगवत राहिला. "त्यानं डोळं वळवलं न्हाईत," मामा सांगायचे, आणि आवाज खाली यायचा. लोक त्यांना 'स्विस मास्तर'च म्हणत.

बेल्ह्याच्या बाजारातले बैल त्यांनी वह्याच्या वह्या भरून काढले. मामीला कधी नाही. एकदा तिनेच हौसेने विषय काढला, तर पाहुण्यांदेखत म्हणाले, "तुझ्या तोंडात काढण्यासारखं काय हाय?" मामी हसली आणि चहा गाळायला आत गेली.

मग तिलाच कॅन्सर झाला. तिचं करायला मी अवसरीहून आले, तोवर गालफडं बसली होती, डोळे खोल गेले होते. मामांनी पलंगाशी स्टूल ओढलं आणि कागद घेतला. मग रोजच. कळ येऊन ती कुशीवर वळली, की म्हणत, "उजेडाकडं तोंड कर."

एकदा मी चिडून कागद ओढला. मामीनेच माझा हात धरला.

"काढू दे गं. एवढ्या वर्षांत आत्ता कुठं बघत्यात माझ्याकडं."

दहाव्याला तिच्या भावाने भिंतीला टेकवलेली ती चित्रं पाहिली. "दाजी, माणूस व्हती ती," एवढंच म्हणून तो न जेवता गेला. पुढे पुण्याहून एक जाणकार आले. याआधीचं तुमचं सगळं काम या चित्रांपुढे फिकं आहे, म्हणाले.

ते गेल्यावर मामा माझ्याजवळ येऊन बसले.

"आजारी पडायच्या आधी ती दिसायची कशी गं? आठवाया गेलं की ही चित्रंच म्होरं येत्यात."

मी सांगू लागले. भरला चेहरा, कपाळावर गोंदण, हसताना डाव्या गालाला पडणारी खळी.

मामांनी मला थांबवलं.

"खळी व्हती?"