आंब्याभोवतीचं दगडी कडं

अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेला तो माळी बदलापूरला आमच्या सोसायटीची बाग बघायचा. बोलण्याआधी तंबाखू गालात सरकवायचा आणि वाक्य 'बघा' म्हणून संपवायचा.

आवारात पाणी तुंबायचं, म्हणून सेक्रेटरी या नात्याने मी तीन फूट मुरमाचा भराव घालायचं ठरवलं. तो म्हणाला, "साहेब, आंब्याची मुळं वरच्यावर असतात. एवढी माती चढली की झाड गुदमरतं, बघा."

मग त्याने बुंध्यापासून हातभर अंतर सोडून दगडांचं गोल कडं रचलं, बाहेरच्या मुळांना हवा मिळावी म्हणून त्यांच्यावर खडी पसरली आणि त्यानंतरच भराव घालू दिला.

दोन महिन्यांनी स्कूटरींना जागा हवी म्हणून मी कड्याच्या आत बुंध्याभोवती मोकळा राहिलेला खड्डा बुजवून वर फरशी घातली. तो तंबाखू गालात सरकवून म्हणाला,

"फरशी तरी काढा, बघा."

मी काढली नाही.

तिसऱ्या वर्षी आंबा वाळला. मीटिंगमध्ये एक सभासद म्हणाले, "त्या म्हाताऱ्यानेच खडी टाकून मुळं मारली."

तो दारातच उभा होता. मी काहीतरी बोलेन म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पुढचा विषय वाचायला घेतला.