एक पोतं तुरटी

आमच्या परसातल्या हौदात मी एकदाच पाय बुडवले आणि त्याची शिक्षा दुसऱ्याच बाईला झाली. हे लिहितानाही मला राग येतो. नानांचा येतो, आईचा येतो. पण त्यांच्यावर रागावणं सोपं आहे.

नाना म्हणजे माझे वडील, जळगावात वकील. पिंप्राळ्याच्या रस्त्याला त्यांनी बंगला बांधला आणि मागे विहिरीला लागून पोहण्याचा हौद बांधून घेतला. तीस फूट लांब, पंधरा रुंद, छातीइतका खोल. त्यात पोहायचे फक्त नाना आणि त्यांचे मित्र. मी पुण्याच्या मिशनच्या शाळेत शिकून आले होते. पाहुण्यांपुढे इंग्रजी कविता म्हणायला मी चालत असे, हौदात उतरायला नाही.

त्या वैशाखात उन्हाने पाणी हिरवट पडलं. येत्या रविवारी कापसाच्या गिरणीचा गोरा साहेब आणि त्याची मडम पोहायला यायची होती, आणि गिरणीचं वकीलपत्र नानांना हवं होतं. हौद उपसून पुन्हा भरायचा तर विहीर तळाला गेलेली. म्हणून नानांनी माझ्याकडून माझ्या विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकातला पाणी निवळण्याचा उतारा वाचून घेतला. एवढ्या पाण्याला चार शेर तुरटी पुरेल, असं मी सांगितलं.

"चार शेर?" नाना हसले. "अगं, पुराचं पाणी आलं की एका घागरीला आपण किती वेळ खडा फिरवतो! आणि इथे घागरी किती?"

सोमवारी मी बाहेर बसले होते. मागच्या दाराजवळच्या अंधाऱ्या खोलीत, वेगळं ताट, वेगळी घोंगडी. उजाडता उजाडता, घरात कुणी उठलेलं नसताना, मी परसात गेले आणि हौदाच्या पायरीवर बसून गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. थोड्या वेळाने मी परत खोलीत येऊन बसले. एवढंच.

त्याच दिवशी दहाच्या सुमाराला नाना माळ्याला घेऊन आले. खोलीच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. कुटलेल्या तुरटीचं भरलेलं पोतं त्यांनी हौदात रिकामं करवलं. चार शेर नाही, अख्खं पोतं. मग बांबूने ढवळायला लावलं.

मंगळवारी सकाळी हौदात ताक ओतल्यासारखं पाणी होतं.

विहिरीजवळच्या झोपडीत एक विधवा बाई राहायची. बागेला पाणी घालायची, हौदाच्या पायऱ्या घासायची. त्यावर तिचं पोट चालायचं आणि ती झोपडी हेच तिचं छप्पर. आईने तिलाच बोलावलं.

"पाणी उगाच नाही नासलं," आई म्हणाली. "काल तू पायऱ्यांवर होतीस. तसल्या दिवसांत उतरली असशील."

"अक्का, मी पानीले हात बी लावा नही. पायऱ्या घास्यात फक्त."

"मग विटाळ आभाळातून पडला का?"

"बठ्ठास्ले इचारा ना," ती म्हणाली. "मालेच काब्र?"

बठ्ठास्ले, म्हणजे सगळ्यांना; काब्र, म्हणजे का. हे म्हणताना तिने माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी मागे सरले.

नानांनी वादही घातला नाही. पोतं कुणी ओतलं ते त्यांना माहीत होतं. पण ते म्हणाले, "दिवस मावळायच्या आत झोपडी मोकळी कर." दोन घागरी आणि एक गोधडी घेऊन ती पिंप्राळ्यात बहिणीकडे गेली. दुसऱ्या दिवशी आईने झोपडीच्या छपराचं गवत काढून गाईपुढे टाकायला लावलं.

मी का बोलले नाही? कारण मला सुद्धा खात्री नव्हती. आठ वर्षं इंग्रजी शाळेत विज्ञान शिकले, आणि तरी त्या पांढऱ्या पाण्याकडे बघून माझ्या मनात आलं, की हे माझ्या पायांमुळे झालं असेल तर? त्या विचाराची मला आजही चीड येते.

गुरुवारी मी न्हाले. घरात वावरायची मोकळीक मिळाली तशी हौदातलं पाणी पाच पेल्यांत भरून घेतलं. जिभेला लावून पाहिलं तर आंबट-तुरट. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. विहिरीच्या पाण्यात मुळात जो क्षार असतो, त्याच्याशी गाठ पडली तरच तुरटीचे पुंजके धरतात आणि गढूळपणा घेऊन तळाला बसतात. पोतंभर तुरटीने तो क्षार संपवून टाकला होता. आता धरायला काही उरलंच नव्हतं.

पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून मी पहिल्या पेल्यात एक चमचा घातला, दुसऱ्यात दोन, असं पाचापर्यंत. हळद लावलेल्या कागदाची पट्टी प्रत्येकात बुडवली. शेवटच्या पेल्यात ती लाल झाली, म्हणजे चुना जास्त. तिसऱ्यात पिवळीच राहिली, आणि त्याच पेल्यात बघता बघता पांढरा कापूस धरला आणि खाली बसला. वरचं पाणी स्वच्छ, पेल्याच्या तळावरचं कोरीव फूल दिसेल इतकं.

मी नानांना तो पेला दाखवला. तिसऱ्या पेल्याच्या हिशोबाने किती चुना लागेल ते सांगितलं. या वेळी त्यांनी मापाने घातला. माळ्याला मात्र म्हणाले, "मला एक युक्ती सुचली आहे."

शुक्रवारी चुना पडला. शनिवारी सकाळी तळाशी पांढरा गाळ बसला होता. बूच जरासं उघडून तो केळींच्या आळ्यात सोडून दिला. उरलेल्या पाण्यातून तळाची फरशी न् फरशी मोजता येत होती. नाना हात चोळत उभे होते. आई आली, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"बघा. ती गेली आणि पाणी निवळलं."

मी हौदाच्या काठाशी गेले.

"सोमवारी हौदात मी पाय घातले होते," मी म्हणाले. "बाहेर बसले होते तेव्हा. गुडघ्यापर्यंत. ती नाही."

आईने तोंडाला पदर लावला. "हौद उपसा! आत्ताच्या आत्ता उपसा."

"वेड लागलंय का?" नाना खेकसले. "उद्या साहेब यायचाय! घरातली गोष्ट आहे, घरातच राहू दे. पाणी स्वच्छ आहे की."

मंगळवारी ज्या विटाळाने एका बाईचं घर मोडलं, तो शनिवारी घरातली गोष्ट झाला.

"तिला बोलवा," मी म्हणाले. "नाही तर उद्या मी मडमला सांगेन. सगळं सांगेन, पोत्याचंही. इंग्रजीत."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यांना माझ्या शाळेची फी आठवत असावी. पण टांगा पाठवला.

दुपारी ती आली. छपराविना उभ्या असलेल्या कुडाच्या भिंती तिने पाहिल्या, घागरी खाली ठेवल्या. मी जवळ गेले. माफी कशी मागायची ते मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

"बाई," तीच म्हणाली, "मी तुमले देखं व्हतं त्या दिन."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वाटनं, तुमीच सांगश्यात."

मग तिने झाडाखालची घासणी उचलली आणि उद्याच्या पाहुण्यांसाठी पायऱ्या घासायला गेली.